हुतात्मा चंद्रशेखर आझाद : मोजक्या काडतुसांचा सेनापती

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत अहवाल, हिशेब, गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली व देणगीदारांचे आभार यांबरोबर एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, अशी प्रथा आहे. ते चरित्र आपल्याच ज्ञातीतील पुरुषाचे असावे, असा आग्रह काही बांधव धरतात व तो अस्वाभाविक नाही. परंतु काही पुरुष असे होऊन गेले, की त्यांच्या कुळाची चौकशी करावयास गेलो तर आपलाच संकोच व्हावा. हुतात्मा चंद्रशेखर आझाद हे अशांपैकी एक. न्यायासनापुढे ज्याने बापाचे नाव व राहण्याचे ठिकाणही देशाच्या स्वातंत्र्याशी जोडून दिले, त्याची ज्ञात आम्ही काय विचारावी? म्हणून यंदा त्यांचे पुण्यस्मरण करण्याचे योजिले आहे.

आझादांचे चित्र कोणी पाहिले नाही? पिळदार शरीर, खांद्यावरून रुळणारे जानवे आणि मिशीवर ताव देणारा हात, असे ते रूप घरोघरी पोचलेले आहे. काही चित्रकारांनी त्यांच्या कमरेला पिस्तुलाचे म्यान व काडतुसांचा पट्टाही चढविला आहे. चित्रात तो शोभतो. परंतु ज्याच्या मागावर कित्येक वर्षे सरकारचे हेर होते, त्याला भर बाजारातून काडतुसांचा पट्टा मिरवीत जाणे कसे शक्य होते? त्यांचे पिस्तूल धोतराच्या आड किंवा कोटाच्या खिशात असे, आणि शिलकीची काडतुसे खिशात मावतील तेवढीच. या लपविलेल्या शिलकीकडे लक्ष ठेवून त्यांचे चरित्र वाचले, म्हणजे चित्रात न दिसणारे आझाद दिसू लागतात. आम्हांस वाटते, तेच खरे आझाद होत.

बालपण व नामकरण

चंद्रशेखरांचा जन्म २३ जुलै १९०६ रोजी तत्कालीन अलीराजपूर संस्थानातील भाबरा या गावी झाला. हे गाव आज मध्य प्रदेशात असून आझादांच्याच नावाने ओळखले जाते. वडील पंडित सीताराम तिवारी मूळचे उन्नाव जिल्ह्यातील बदरका गावचे. पोटापाण्यासाठी इकडे आलेले. आई जगराणीदेवी. घरची स्थिती अत्यंत बेताची होती. आसपास भिल्लांची वस्ती असल्याने भिल्लांच्या मुलांबरोबर रानात हिंडणे व धनुष्यबाण चालविणे, हे चंद्रशेखरांचे पहिले शिक्षण झाले. भात्यात बाण मोजके असत व सुटलेला बाण शोधून आणावा लागे. नेम धरण्यापूर्वी थांबावयास शिकविणारी ती पहिली शाळा होती, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

मुलाने संस्कृत शिकून पंडित व्हावे, अशी आईची इच्छा होती. परंतु गावात मन रमेना म्हणून ते घर सोडून निघाले. काही काळ मुंबईस गोदीत मजुरी केली व अखेर काशीस जाऊन विद्यार्जन करू लागले. इतक्यात १९२१ सालची असहकाराची चळवळ आली. पंधरा वर्षांच्या या विद्यार्थ्यास निदर्शने करताना पकडण्यात आले व खरेघाट नावाच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. तेथे त्यांनी आपले नाव आझाद, बापाचे नाव स्वातंत्र्य आणि राहण्याचे ठिकाण तुरुंग असे सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. पंधरा फटक्यांची शिक्षा झाली. प्रत्येक फटक्यासरशी जयजयकार करीत त्यांनी ती भोगली. बाहेर आल्यावर काशीकरांनी सत्कार केला आणि तेव्हापासून तिवारी हे आडनाव मागे पडून आझाद हेच नाव राहिले. पुन्हा आपल्या हातांत बेड्या पडू द्यावयाच्या नाहीत, हा निश्चय त्यांनी आयुष्यभर बाळगला.

क्रांतिपक्षात प्रवेश व काकोरी

१९२२ च्या फेब्रुवारीत असहकाराची चळवळ थांबविण्यात आली. अनेक तरुणांची मने निराश झाली. काहींनी निराळा मार्ग धरला. काशीत मन्मथनाथ गुप्त आदी तरुणांशी आझादांचा परिचय झाला व ते हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनमध्ये दाखल झाले. पंडित रामप्रसाद बिस्मिल हे या पक्षाचे संयुक्त प्रांतातील प्रमुख होते.

येथे आजच्या तरुण वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून बंदूक अथवा पिस्तूल बाळगणे हा गुन्हा ठरविला होता. परवाना सरकारच्या विश्वासातील माणसासच मिळे. पिस्तूल एकवेळ चोरट्या मार्गाने, बहुधा संस्थानी मुलखातून, जास्त दाम मोजून हाती येई. परंतु पिस्तूल एकदाच विकत घ्यावयाचे असते; काडतूस मात्र उडविले की संपले. दुकानात जाऊन ते मागण्याची सोय नव्हती. शिवाय एका जातीच्या पिस्तुलाचे काडतूस दुसऱ्यास चालत नाही. माउझर पिस्तुलाची गोळी ७.६३ मिलिमीटरची आणि ३२ बोअरच्या कोल्टची ७.६५ मिलिमीटरची. आकड्यांत अंतर नगण्य. पण काडतुसांची लांबी व घडण निराळी असल्याने एकाचे दुसऱ्यात बसत नाही. पाच जणांपाशी पाच प्रकारची पिस्तुले असली, तर संकटसमयी एकाची शिल्लक दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. बंगालमधील क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यास रॉडा कंपनीचा माल पळविला, त्यात माउझर पिस्तुले ५० व काडतुसे सुमारे ४६,००० होती. त्या लुटीचे महत्त्व पिस्तुलांइतकेच काडतुसांतही होते, हे यावरून ध्यानात येईल.

पक्षास पैसा हवा म्हणून आरंभी खेड्यांतील धनिकांच्या घरांवर दरोडे घालण्यात आले. अशा एका प्रसंगी एका स्त्रीने आझादांच्या हातातील पिस्तूल हिसकावून घेतले. स्त्रियांवर हात टाकावयाचा नाही, असा पक्षाचा नियम होता. आझाद अंगाने बलदंड होते. पिस्तूल परत घेणे त्यांना अवघड नव्हते. तरीही त्यांनी त्या स्त्रीस स्पर्श केला नाही. ही हकीकत त्यांच्या सहकाऱ्यांनीच नमूद करून ठेवली आहे. जे पिस्तूल मिळविण्यास महिनेच्या महिने खर्ची पडत, ते नियमासाठी गेले तरी चालेल, पण नियम जाता कामा नये, ही वृत्ती त्या वयातच त्यांच्या ठायी होती.

पुढे ९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरीची घटना घडली. शहाजहानपूरहून लखनौकडे जाणारी गाडी साखळी ओढून थांबविण्यात आली व गार्डच्या डब्यातील सरकारी पैशाची पेटी फोडण्यात आली. दहा जणांनी हे कृत्य केले. त्यांच्यापाशी जर्मन बनावटीची माउझर पिस्तुले होती. या पिस्तुलात १० काडतुसांची पट्टी वरून दाबून भरावयाची असते. त्याचे वजन शेरभराहून अधिक आणि त्याचे लाकडी म्यान मागे जोडले असता ते लहान बंदुकीप्रमाणे खांद्यास लावता येते. प्रवाशांना धक्का लावावयाचा नाही, असे ठरलेले होते व तसे ओरडून सांगण्यातही आले. तरीही एक अनर्थ झालाच. मन्मथनाथ गुप्त यांच्या हातातील माउझरचा चाप ओढला गेला आणि अहमद अली नावाचे एक प्रवासी, जे जनाना डब्यातील आपल्या पत्नीची विचारपूस करावयास खाली उतरले होते, ते ठार झाले.

काकोरीचे गुणगान करताना या निरपराध गृहस्थाचे नाव वगळण्याची चाल पडली आहे, ती आम्हांस योग्य वाटत नाही. एक गोळी सुटली आणि एक संसार उद्ध्वस्त झाला. खुद्द गुप्तांनी ही गोष्ट लपविली नाही. त्या रात्री उपस्थित असलेल्या एकोणीस वर्षांच्या आझादांनी पुढे शस्त्राच्या बाबतीत जी करडी शिस्त पाळली, तिचे एक मूळ या घटनेत असावे, असा आमचा तर्क आहे.

काकोरीनंतर धरपकड झाली. १९२७ च्या डिसेंबरात राजेंद्रनाथ लाहिरी, रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खाँ व ठाकूर रोशनसिंह हे चौघे वीर फासावर गेले. आझाद मात्र पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

झाशीचा अज्ञातवास

आझाद झाशीस आले. मास्टर रुद्रनारायण यांनी त्यांना आश्रय दिला. काही काळ त्यांनी ओरछाच्या अरण्याजवळ सातार नदीच्या काठी हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने साधूच्या वेषात वास्तव्य केले. आसपासच्या मुलांना ते शिकवीत. पुढे झाशीच्या सदर बाजारातील एका मोटारीच्या कारखान्यात काम करून मोटार चालविण्यासही शिकले. या काळात त्यांना जे तरुण मिळाले, त्यांत भगवानदास माहौर, सदाशिवराव मलकापूरकर व विश्वनाथ वैशंपायन हे प्रमुख होत. मलकापूरकर व वैशंपायन ही दोन्ही घराणी महाराष्ट्रीय. मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे हे नाते आहे. वैशंपायनांनी पुढे आझादांचे विस्तृत चरित्र हिंदीत लिहून ते ऋण फेडले.

ओरछाच्या अरण्यात नेमबाजीचे शिक्षण चाले. आझादांचा नेम अचूक होता, याविषयी सर्व सहकाऱ्यांचे एकमत आहे. परंतु या शिक्षणातही काडतुसांची टंचाई आड येई. आज सरावात उडविलेले काडतूस उद्या प्रसंगी कमी पडणार, आणि सराव केला नाही तर प्रसंगी असलेली काडतुसेही वाया जाणार, अशा दुहेरी पेचातून त्यांना वाट काढावी लागे. म्हणून धरणे, रोखणे, श्वास आवरणे यांचा अभ्यास अधिक व प्रत्यक्ष बार कमी, हाच अशा शिक्षणाचा मार्ग असतो. ज्यांना सैन्याच्या भांडारातून दारूगोळा मिळतो, त्यांना या काटकसरीची कल्पना येणार नाही.

ही काटकसर शस्त्रापुरतीच नव्हती. पक्षाचा पैसा त्यांच्या हाती असे, पण स्वतःच्या जेवणावर ते मोजके आणेच खर्च करीत. तिकडे भाबऱ्यास आईबाप दारिद्र्यात दिवस कंठीत होते. पक्षाच्या पैशातून त्यांना काही पाठविणे आझादांस मान्य नव्हते. मुलाच्या दृष्टीने हे कठोर होय. परंतु लोकांकडून देशासाठी घेतलेल्या पैशाचा विश्वस्त या नात्याने त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही. संस्थांचे द्रव्य हाताळणाऱ्या आम्हां सर्वांस यातून काय घ्यावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

लाहोर

१९२८ च्या सप्टेंबरात दिल्लीस फिरोजशहा कोटल्याच्या अवशेषांत क्रांतिकारकांची बैठक होऊन पक्षाच्या नावात समाजवाद हा शब्द आला व हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन अस्तित्वात आली. आझाद या बैठकीस हजर नव्हते. तथापि सेनापतिपद त्यांच्याकडेच देण्यात आले.

लाला लजपतराय यांच्यावरील लाठीहल्ल्याचा व त्यांच्या मृत्यूचा सूड म्हणून १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरास पोलिस अधिकारी सॉंडर्स यास मारण्यात आले. लक्ष्य होते स्कॉट; ओळखण्यात चूक झाली. पहिली गोळी पुणे जिल्ह्यातील खेडचे सुपुत्र शिवराम हरी राजगुरू यांनी झाडली व त्यामागून भगतसिंगांनी गोळ्या झाडल्या. आझाद माउझर घेऊन मागे उभे होते. त्यांच्याकडे मारण्याचे काम नव्हते, परतीची वाट राखण्याचे होते. एवढ्या वेळात त्यांनी गोळी झाडली नाही. दोघे सहकारी दयानंद महाविद्यालयाच्या आवाराकडे धावले, तेव्हा चननसिंग नावाचा हेड कॉन्स्टेबल त्यांचा पाठलाग करू लागला. आझादांनी त्यास मागे फिरण्याचा इशारा दिला. तो फिरला नाही. तेव्हा आझादांनी गोळी झाडली व तो कोसळला.

चननसिंग हा हिंदी माणूस होता व आपली चाकरी बजावीत होता. त्याच्या मृत्यूचे ओझे हलके करण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. आझादांसारखा माणूसही ते हलके मानीत नसावा. अन्यथा त्या धावपळीत इशारा देण्यात त्यांनी क्षण दवडला नसता. दहा काडतुसे हाताशी असताना, आधी शब्द आणि मग गोळी, हा क्रम त्यांनी सोडला नाही, एवढेच येथे नमूद करतो.

त्यानंतर लाहोरातून बाहेर पडण्याचा प्रसंग आला. भगतसिंग साहेबी वेषात, दुर्गाभाभी त्यांच्या पत्नीच्या रूपाने व राजगुरू नोकर बनून आगगाडीने निघाले. दुर्गाभाभींचे लहान मूल भगतसिंगांच्या कडेवर होते आणि त्यांच्या ओव्हरकोटाच्या खिशात भरलेले पिस्तूल होते. आझाद यात्रेकरूंच्या मेळ्यात साधुवेषाने मिसळून निसटले. शहरभर पोलिसांचा पहारा असताना कोणावरही गोळी झाडण्याची वेळ आली नाही. बाळगलेले शस्त्र न वापरता पार पडणे, हेच त्या दिवसाचे यश होते.

भुसावळ व जळगाव

पुढील वर्षी, ८ एप्रिल १९२९ रोजी, भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकून स्वतःस अटक करवून घेतली. भगतसिंगांनी आपले पिस्तूलही स्वाधीन केले. असा माणूस आपण होऊन सरकारच्या हाती जावा, हे आझादांना मनापासून रुचले नव्हते. त्यांची भीती खरी ठरली. धरपकड सुरू झाली व काही सहकारी माफीचे साक्षीदार बनले.

याच काळात आझादांच्या कार्याचा एक धागा आपल्या खानदेशात येऊन पोचतो. १९२९ सालीच आझादांनी माहौर व मलकापूरकर यांना शस्त्रे व स्फोटक द्रव्ये देऊन अकोल्याकडे रवाना केले. वाटेत भुसावळ स्टेशनवर त्यांच्या सामानाची झडती झाली व दोघेही पकडले गेले. जळगावच्या न्यायालयात खटला सुरू झाला. लाहोर कटातील माफीचे साक्षीदार जयगोपाल व फणींद्रनाथ घोष हे तेथे साक्षीसाठी येणार, हे कळताच त्यांना तेथेच शासन करण्याचा बेत ठरला. आझादांनी मलकापूरकरांचे वडील बंधू शंकरराव यांच्यामार्फत पिस्तूल व काडतुसे पोचविली. ती अन्नाच्या डब्यातून बंदीवानांपर्यंत गेली. २१ फेब्रुवारी १९३० रोजी माहौरांनी गोळ्या झाडल्या. साक्षीदार घायाळ झाले. पण कोणी मेला नाही. माहौर व मलकापूरकर यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या.

बेत फसला, हे खरे. पण शंकररावांच्या मनाचा विचार करा. धाकटा भाऊ तुरुंगात, घरावर पोलिसांची नजर. आणि हा गृहस्थ भाताखाली मृत्यू लपवून कचेरीत जातो. त्या डब्याची झडती झाली असती, तर घरातील दुसरा मुलगाही गेला असता. इतिहासाच्या ग्रंथांत अशा माणसांना एखादी ओळ मिळते. आझादांसारख्या सेनापतीचा दारूगोळा अशाच घरगुती माणसांच्या हातांतून प्रवास करीत होता, हे स्मरणात ठेविले पाहिजे.

एकाकी सेनापती

१९३० साल आझादांस फार कठीण गेले. २८ मे रोजी रावीच्या काठी बाँबची चाचणी घेताना भगवतीचरण व्होरा यांचा अंत झाला. भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशीची शिक्षा झाली. त्यांना सोडविण्याचे बेत एकामागून एक निष्फळ ठरले. कोणावर विश्वास टाकावा, हेच समजेना. १९३१ च्या आरंभी ते अलाहाबादेत (आताचे प्रयागराज) होते. पंडित जवाहरलाल नेहरू यांचीही त्यांनी भेट घेतली. त्या भेटीचा उल्लेख नेहरूंच्या आत्मचरित्रात आहे.

या काळात त्यांच्यापाशी जे पिस्तूल होते, ते कोल्ट कंपनीचे ३२ बोअरचे. याचा घोडा आत झाकलेला असल्याने ते खिशात वा वस्त्रात अडकत नाही. जवळ लपवून बाळगण्यासाठीच त्याची घडण केलेली आहे. त्याचे वजन साठ तोळ्यांच्या आत-बाहेर. मुठीत बसणाऱ्या पेटीस मॅगझिन म्हणतात. तीत ८ काडतुसे राहतात. ती संपली की दुसरी भरलेली पेटी चढवावी, अथवा सुटी काडतुसे एकेक करून भरावी. एका काडतुसाचे वजन पाऊण तोळ्याहूनही कमी. म्हणजे पाच-पंचवीस काडतुसे अंगावर बाळगणे वजनाच्या दृष्टीने काहीच नव्हते. अडचण वजनाची नव्हती, ती मिळविण्याची होती आणि लपविण्याची होती. खिसा फुगलेला दिसला की हेराची नजर वळणार. खिसा रिकामा ठेवला तर प्रसंगी हात रिकामा राहणार. फरारी माणसाचे आयुष्य या दोहोंमधल्या अरुंद वाटेवरून चाललेले असते.

आल्फ्रेड पार्क

२७ फेब्रुवारी १९३१ चा दिवस. सकाळच्या वेळी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझाद आपले सहकारी सुखदेवराज यांच्याशी बोलत बसले होते. पोलिसांना सुगावा लागला. पोलिस अधिकारी नॉट-बॉवर मोटारीने तेथे आला व शिपायांसह पुढे होऊन त्याने दोघांना हटकले. दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकाच वेळी गोळ्या सुटल्या. आझादांच्या मांडीत गोळी शिरली आणि नॉट-बॉवरचा हात जखमी झाला. आझाद सरकत एका जांभळीच्या झाडाआड गेले. विश्वेश्वरसिंह नावाचा दुसरा अधिकारी कुंपणाच्या आडून गोळ्या झाडीत होता. आझादांच्या गोळीने त्याचा जबडा फुटला.

आझादांनी सुखदेवराज यांना निघून जाण्याची आज्ञा केली. मांडीतील जखमेमुळे स्वतःस धावता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. राहता राहिला प्रश्न काडतुसांचा. पोलिसांना कुमक येत होती. त्यांच्या गोळ्यांस अंत नव्हता. इकडे आठांची एक पेटी आणि खिशातील शिल्लक. या शिलकीतून सहकाऱ्यास निसटण्यास पुरेल इतका वेळ विकत घ्यावयाचा होता. प्रत्येक बारामागे थोडा वेळ. आणि प्रत्येक बारानंतर शिल्लक एकाने कमी. सुखदेवराज उद्यानाबाहेर पडले व वाचले. सेनापतीने आपली काडतुसे अनुयायासाठी खर्च केली.

त्यानंतर आझादांनी अखेरची गोळी स्वतःच्या मस्तकात झाडून घेतली, अशी सहकाऱ्यांची व जनतेची दृढ श्रद्धा आहे. पोलिसांनी मात्र आपल्याच गोळ्यांनी त्यांचा अंत झाल्याचे म्हटले. वादात पडण्याचे आम्हांस प्रयोजन वाटत नाही. आझाद जिवंत हाती लागले नाहीत, हे उभयपक्षी मान्य आहे. आणि काशीच्या तुरुंगातून बाहेर पडताना त्यांनी केलेला निश्चय एवढाच होता. झाडाआडून येणारे बार बंद पडल्यावरही काही काळ पोलिस पुढे होण्यास धजले नाहीत. त्या पिस्तुलात आणखी किती उरले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. शिल्लक गुप्त राखण्याचा तो शेवटचा उपयोग झाला.

वय अवघे २४ वर्षांचे. रसूलाबादच्या घाटावर घाईने अंत्यविधी उरकण्यात आला. वार्ता पसरताच लोकांची रीघ लागली. त्या जांभळीची पूजा होऊ लागली, तेव्हा सरकारने ते झाड तोडून टाकले. पुढे महिन्याच्या आत, २३ मार्च रोजी, लाहोरास भगतसिंग, राजगुरू व सुखदेव फासावर गेले. ते कोल्ट पिस्तूल नॉट-बॉवरबरोबर इंग्लंडास गेले. स्वातंत्र्यानंतर ते परत येऊन अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवण्यात आले. आल्फ्रेड पार्कलाही पुढे आझादांचेच नाव देण्यात आले.

मातेची सेवा

चरित्र येथे संपत नाही. भाबऱ्यात एक वृद्ध माता उरली होती. पती गेले, पुत्र तर आधीच गेलेला; दारिद्र्य मात्र सोबतीस राहिले. शिक्षा भोगून सुटलेले सदाशिवराव मलकापूरकर यांना स्वातंत्र्यानंतर तिची अवस्था कळली. ते तिला झाशीस आपल्याकडे घेऊन आले, तीर्थयात्रा घडविल्या आणि १९५१ साली तिचा अंत होईपर्यंत पोटच्या मुलाप्रमाणे तिची सेवा केली.

बांधवहो, या गोष्टीपाशी आम्ही थोडे अधिक थांबतो. आझादांनी आपल्या आईला पक्षाच्या पैशातून काही दिले नाही. परंतु माणसे जोडून ठेविली होती. कनोजी ब्राह्मणाच्या घरची ती माता मराठी मुलाच्या हातून शेवटचे पाणी प्याली. तेथे ना ज्ञात आड आली ना भाषा. काडतुसांची शिल्लक आल्फ्रेड पार्कात संपली, ही शिल्लक मात्र वीस वर्षांनंतरही पुरली.

आजच्या तरुणांस पिस्तुलाचे आकर्षण वाटते, आणि आझादांच्या नावाखाली ते अधिकच वाटते. त्यांस आमचे सांगणे इतकेच, की परकी सत्ता गेली, कायदे आपले झाले, आता तो मार्ग अनुकरणीय राहिलेला नाही. अनुकरणीय आहे तो त्या मार्गावरही न सुटलेला संयम. हाती सामर्थ्य असता ते आवरून धरणे, दुसऱ्याच्या पैशाचा आणा-पैचा हिशेब ठेवणे, आणि जे शेवटी उरेल ते सोबत्याच्या उपयोगी पडावे अशी तजवीज करणे, या तीन गोष्टींस परवाना लागत नाही. आपल्या संस्थेच्या कार्यात व प्रत्येकाच्या संसारात त्या उतरोत, अशी प्रार्थना करून आणि हुतात्म्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून ही अल्प लेखनसेवा पुरी करतो.